माळकरी घरात डीएचए: जवसावर भागेल की मासेच हवेत?

खाडीकाठची:
मला पाचवा महिना चालू आहे. माहेर मालवणकडचं, सासर धायरीचं. सासूबाईंनी तेरा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून घरात अंडंही येत नाही. लग्न ठरताना हे सांगितलं होतं आणि मी मनापासून हो म्हटलं होतं, त्यामुळे त्याची तक्रार नाही.

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए, म्हणजे माशांत असणारं एक ओमेगा-3 स्निग्धाम्ल, लागतं, मासे खात नसाल तर त्याचं काहीतरी बघा. बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. घरी सांगितलं, तर सासूबाईंनी त्याच संध्याकाळी बार्शीहून आणलेले जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजले आणि लसूण, मिरची, जिरं घालून खलबत्त्यात कुटले. म्हणाल्या, "माशात असतं ते सगळं ह्यात असतं." आता रोज दुपारी भाकरीसोबत दोन चमचे चटणी माझ्या ताटात असते. त्यांच्या गुडघ्यांना मांडी घालून बसवत नाही, तरी माझ्यासाठी त्या खलबत्ता घेऊन खाली बसतात.

आई फोनवर म्हणते, चार दिवस इकडे ये, बांगड्याचं तिखलं करून घालते. नवरा म्हणतो, गणेश पेठेतून मासे आण, मैत्रिणीकडे शिजवून खा, आईला कळवायचं कशाला? मला चोरून खायचं नाही. पण बाळाचं काही कमी पडलं तर ते मला आयुष्यभर लागून राहील. जवसावर खरंच भागतं का? स्वयंपाकाला आम्ही सूर्यफुलाचं तेल वापरतो.

प्रयोगवही:
ताई, मी बरीच वर्षं जीवरसायन शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे.

शरीराला स्वतः करता येत नाहीत अशी स्निग्धाम्लं मुळात दोन: ओमेगा-6 मधलं लिनोलेइक आणि ओमेगा-3 मधलं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे एएलए. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने 1929 मध्ये उंदरांना चरबीविना खाणं दिलं, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि शेपटीवर खवले धरले. तिथून हा विषय सुरू झाला.

जवसात एएलए भरपूर, 100 ग्रॅम दाण्यांत 22 ग्रॅमच्या आसपास. गरोदरपणी दिवसाला 1.4 ग्रॅम पुरेसं धरतात. तेवढं एका मोठ्या चमच्याभर कुटलेल्या जवसातून मिळतं. बांगड्यात असतं ते ईपीए आणि डीएचए, तीही ओमेगा-3च, पण त्यांची साखळी जास्त लांब. शरीर एएलएपासून ती लांबवतं, पण फार थोडी. ईपीएपर्यंत शंभरातले पाच-दहा भाग पोचतात, डीएचएपर्यंत जेमतेम एखादा. बायकांमध्ये, विशेषतः गरोदरपणी, हे प्रमाण वाढतं. तरी शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो आणि आईकडून डीएचए ओढून घेतो, तेव्हा नुसत्या जवसावर विसंबू नका. रोज किमान 200 मिलिग्रॅम तयार डीएचए मिळावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

तेलाचं विचारलंत ते फार बरं केलंत. एएलए आणि लिनोलेइक यांचं दळण एकाच जात्यावर होतं, म्हणजे साखळी लांबवणारं विकर (एन्झाइम) तेच. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक निम्म्याहून जास्त, करडईच्या तेलात 70 टक्क्यांच्या वर. त्यांनी जातं अडवलं की जवसाची पाळी मागे पडते. शेंगदाण्याच्या तेलात ते बरंच कमी असतं. तेवढा बदल करा.

आणि हो, जवस कुटतात ते योग्यच, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. फक्त चटणी आठवड्यापुरतीच करा. याच बियांचं तेल रंगात घालतात, कारण हवा लागली की ते सुकतं. चटणी खवट होते त्यामागे हवेचीच ही करणी.

वारीची वाट:
माझ्याही गळ्यात माळ आहे, म्हणून लिहिते. मासे डीएचए स्वतः फारसं बनवत नाहीत. ते मुळात सूक्ष्म शेवाळात तयार होतं आणि खाण्यातून माशांच्या अंगात जातं. तेच शेवाळ टाक्यांमध्ये वाढवून त्याचं तेल काढतात. माझ्या सुनेने दोन्ही बाळंतपणांत त्याच्या कॅप्सूल घेतल्या, अर्थात डॉक्टरांना विचारून. एक मात्र नक्की बघा: तेल शेवाळाचं असलं तरी वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं असू शकतं. हिरवं चिन्ह बघूनच घ्या आणि डबी सासूबाईंच्या हातात द्या. पाठीमागचं त्यांना स्वतःला वाचू दे. माझ्या सुनेने मला तसंच दिलं होतं, फार बरं वाटलं.

बाळंतपणानंतर अळिवाचे लाडू कराच, त्यातही एएलए चांगलं असतं. आत्ता मात्र नको, आमच्याकडे पोटुशीला अळीव देत नाहीत.

बाजारातली मासळी:
माहेरी खाणारच असाल तर बांगडा, तारली, पेडवे खा. लहान तेलकट माशांत पारा कमी असतो. मोरीसारखे मोठे शिकारी मासे गरोदरपणी टाळा. तळण्यापेक्षा तिखलंच बरं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, जायचं तर तो हिशेब धरून जा.

खाडीकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी शेवाळाचं डीएचए 200 मिलिग्रॅम रोज घ्यायला सांगितलं. काल डबी आणली आणि ताई म्हणाल्या तशी सासूबाईंकडे दिली. त्यांनी चष्मा लावून पाठीमागचं सगळं वाचलं, हिरव्या चिन्हावर बोट ठेवलं आणि डबी देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. मग विचारलं, "चटणी बंद करायची का गं?" मी म्हटलं, नाही आई, ती रोज हवीच, फक्त आता शेंगदाण्याचं तेल आणू.

माहेरी सातव्यात जाणार आहे. तिखल्याचं तिथे ठरवेन, पण जे खाईन ते इथे आल्यावर सांगेन, असं त्यांना आत्ताच सांगून टाकलंय. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काटे बघून खा."