वडिलांचीही साखर तपासा

बाळ चांगलं गुटगुटीत आहे म्हणजे काळजी मिटली, असं पुष्कळजण म्हणतात. इथे थोडं थांबावंसं वाटतं. माझी धाकटी बहीण तासगावला असते. सातव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, तर साखर १६८. या तपासणीत १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. सासूबाई म्हणाल्या, द्राक्षं जास्त झाली असतील. नुसत्या द्राक्षांनी होत नाही हो हे! आईची जादा साखर वारेतून बाळाला मिळते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं आणि चरबी साठते. भाचा ३ किलो ९०० ग्रॅमचा झाला, पण नाळ कापल्यावर तासाभरात त्याचीच साखर खाली आली. टाचेला टोचून थेंब काढताना कळवळून रडला होता पोर.

हडकुळं बाळही निर्धास्त नसतं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या १९९३ पासूनच्या, पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबी मात्र राखून असलेली दिसली. म्हणजे पुढे मधुमेहाचा धोका त्यांनाही असतोच.

आणि वडिलांचं काय? त्यांच्या मधुमेहानेही मुलाला पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढतो. आमच्या दाजींची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, कुणी केलीच नव्हती. मी मागे लागले तेव्हा केली, ७.१ निघाली, म्हणजे मधुमेहच.