मदत हवी आहे: तिसरीच्या मुलांचा झाडीतला वर्ग (नाशिक)

तिसरीला शिकवते, पट ३४. परिसर अभ्यास आणि गणिताचे काही तास दर पंधरवड्याला झाडीत घ्यायचेत. सहल नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा, म्हणजे ऋतूंप्रमाणे होणारे बदल मुलांना दिसतील. शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली करून पाहिलं: सुतळीने खोडाचा घेर मोजणं, पानं आकाराप्रमाणे लावणं. वर्गात गप्प असणारी मुलं तिथे बोलतात. पण एकच झाड किती पुरणार! मुख्याध्यापकांची हरकत नाही. पालकसभेत मात्र सापविंचवाचाच विषय. पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान डोक्यात आहे. सकाळचे दोनच तास, आम्ही दोघी शिक्षिका, पैसे जवळपास नाहीत. तिथे कुणी नियमित वर्ग घेतलाय का? परवानगीचा अर्ज वनविभागात नेमका कुणाकडे दिलात, आणि पालकांना कसं राजी केलंत?