मदत हवी आहे: माशांच्या यकृतात पीएफओएस (सहज न विघटणारं, फ्लोरिन असलेलं औद्योगिक रसायन) संशयास्पद जास्त येतंय

छोटे मासे आणि त्यांना खाणारे मोठे मासे यांच्यात पीएफओएसचं जैवविशालन (अन्नसाखळीत वर जाताना सांद्रता वाढणं) किती होतं ते काढायचं आहे. छोटे मासे अख्खे वाटून घेतले, मोठ्यांचं फक्त यकृत. २ ग्रॅम ऊती, मेथनॉलमधलं ०.०५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १६ तास शेकर, मग शुद्धीकरणाला वॅक्स (दुर्बळ ऋणायन-विनिमय) कार्ट्रिज आणि मोजायला एलसी-एमएस/एमएस (रेणू वेगळे करून, फोडून, तुकड्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र). यकृतात ४९९→८० (४९९ वस्तुमानाचा आयन फुटून ८० चा तुकडा) वरून येणारी सांद्रता ४९९→९९ च्या जवळपास दुप्पट आहे. ब्लँक (ऊतीशिवायचा कोरा नमुना) स्वच्छ, इंटर्नल स्टँडर्ड म्हणून ठरावीक मात्रेत मिसळलेल्या कार्बन-१३ पीएफओएसची रिकव्हरीही (किती परत मिळालं ते) ठीक. कोणता आकडा धरावा? मेदाच्या टक्केवारीने भागायचं का?

प्रतिसाद १

ब्लँक स्वच्छ आहे, तेव्हा यंत्रातूनच पीएफओएस येतंय समजून ट्यूबिंग बदलत बसू नका. हे बहुधा पित्ताम्ल (पित्तातलं आम्ल) आहे. टॉरोडीऑक्सिकोलिक आम्लाचा ऋण आयन ४९८.३ ला येतो आणि त्याचा कार्बन-१३ वाला भाऊ ४९९.३ ला. पीएफओएस ४९८.९ ला. साध्या क्वाड्रुपोलला (यंत्रातल्या वस्तुमान-गाळणीला) हे वेगळे दिसत नाहीत. सल्फोनेट दोघांतही असल्याने ८० चा तुकडा दोघांतून पडतो. ९९ च्या तुकड्याला मात्र फ्लोरिन लागतं. तुमचं इंटर्नल स्टँडर्ड ५०७ वर असल्याने त्याला याचा पत्ताच लागत नाही, म्हणून रिकव्हरी फसवी आहे.

नुसतं टॉरोडीऑक्सिकोलिक आम्ल इंजेक्ट करा. यंत्रातून बाहेर पडताना पीएफओएसपासून ते किमान १ मिनिट लांब हवं. नसेल तर त्या भागातला ग्रेडियंट (द्रावकाचं प्रमाण बदलण्याचा वेग) संथ करा किंवा मेथनॉलऐवजी अ‍ॅसिटोनायट्राइल वापरून बघा. तोवर ९९ धरा, पण पीएफओएसचे शाखायुक्त समघटक (तेच अणू, पण सरळऐवजी फांद्या असलेली साखळी) ९९ वर वेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे स्टँडर्ड सरळ-शाखायुक्त मिश्रणाचंच घ्या. कार्बन क्लीनअप करत असाल तर १० मिलिग्रॅम, ५ मिनिटांच्या आत. जास्त वेळ ठेवलं की लांब साखळीची अशी रसायनं कार्बनलाच चिकटून राहतात. यकृत काढताना पित्ताशय फुटलं, तर तो नमुना बाजूला ठेवा.

अशा आकड्यांवरून लोकांना मासे किती खावेत ते सांगितलं जातं. दुप्पट चूक खपवून घेऊ नका.

प्रतिसाद २

मेदाने अजिबात भागू नका. ती सवय पीसीबी, डीडीटी अशा मेदात साठणाऱ्या रसायनांची. पीएफओएस अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना धरून रक्तात आणि यकृतात साठतं. ओल्या वजनावर द्या, हवं तर प्रथिनांवरही.

मोठी अडचण दुसरीच आहे: अख्खा भक्ष्य मासा आणि भक्षकाचं नुसतं यकृत यांची तुलना केली की जैवविशालनाचा गुणांक आपोआप फुगतो. मोठ्या माशाचं उरलेलं शरीरही वाटून मोजा आणि वजनाच्या प्रमाणात सरासरी काढा.

धागाकर्ता

पटलं. उरलेली शरीरं गोठवलेली आहेत, तीही मोजतो. पुढे हेच मासे खाणाऱ्या लोकांचं सीरम तपासायचं आहे. तिथेही पित्ताम्ल आड येईल?

प्रतिसाद १

तिथे पीएफएचएक्सएस (पीएफओएसचं आखूड साखळीचं भावंड) जपा. प्रेग्नेनडायॉल सल्फेटसारखे स्टेरॉइड सल्फेट ३९९→८० वर तसेच मिसळतात, गरोदर स्त्रियांच्या नमुन्यांत विशेष. ३९९→९९ वर मोजा आणि ८० शी गुणोत्तर प्रत्येक नमुन्यात पडताळा.