लिव्हरमधली १८ मिमीची गाठ : बायोप्सीचा आग्रह धरावा का?

पाऊलवाट :
बाबांना हिपॅटायटिस बी मुळे सिरोसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. या वेळी उजव्या भागात १८ मिमीची नवी गाठ दिसली. एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल आलं. घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, एएफपी नॉर्मल आहे ना, मग तीन महिन्यांनी बघू. ताई म्हणते, तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही कळणार कसं, बायोप्सीच करा. डॉक्टर मात्र सुई नको, आधी एमआरआय करू म्हणतात. मला काही सुचत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

सांजवारा :
काकांचं ऐकून थांबू नका. तीन महिन्यांनी परत बघायचं ते १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीसाठी. सिरोसिसमध्ये त्याहून मोठी नवी गाठ दिसली की लगेच पुढचा स्कॅन करतात. एएफपीवर तर विसंबूच नका. सुरुवातीच्या लिव्हर कॅन्सरमध्ये ते कितीतरी जणांचं नॉर्मल असतं.

क्षकिरण :
मी रेडिओलॉजीत काम करते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे ताईंनाही समजावता येईल.

निरोगी लिव्हरला साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून) येतं, बाकीचं हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरच्या धमनीतून). हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, म्हणजे नेहमीच्या लिव्हर कॅन्सरची, गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त आर्टरीतूनच ओढते. म्हणून कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास, म्हणजे आर्टेरियल फेजमध्ये, गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा उजळ दिसते. मिनिटभराने लिव्हर उजळतं आणि गाठ फिकी पडते. याला वॉशआउट म्हणतात. सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात १ सेंमी किंवा त्याहून मोठ्या गाठीत या दोन्ही गोष्टी नीट दिसल्या, तर निदान तिथेच पक्कं होतं. रिपोर्टमध्ये एलआर-५ (लिव्हरच्या गाठींना स्कॅनवरून देतात त्या श्रेणींपैकी 'नक्की कॅन्सर') लिहून येतं आणि बायोप्सी न करता उपचार सुरू करता येतात. तुकडा न तपासता निदान मान्य होणारे कॅन्सर फार थोडे आहेत, त्यामुळे ताईंची शंका स्वाभाविक आहे.

हा नियम सगळ्यांना लागू नाही. लिव्हर निरोगी असेल, सिरोसिस बड-किआरीसारख्या रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे असेल किंवा रुग्ण १८ वर्षांखालचा असेल, तर नुसत्या स्कॅनवर शिक्का मारत नाहीत. रिपोर्ट एलआर-एम आला, म्हणजे गाठ कॅन्सरची वाटते पण नेहमीच्या लिव्हर कॅन्सरसारखी दिसत नाही, तर बहुतेक वेळा बायोप्सी करतातच.

सीटी की एमआरआय? दोन्ही चालतात. २ सेंमीच्या आतल्या गाठीसाठी मी एमआरआयला झुकतं माप देईन. पण त्यात बराच वेळा श्वास रोखावा लागतो. पोटात खूप पाणी असेल किंवा धाप लागत असेल तर चित्रं हलतात, मग सीटी बरा. कॉन्ट्रास्ट द्यायचा असतो, म्हणून किडनीचा रिपोर्ट सोबत न्या.

माजघर :
एक गोष्ट सांगते, ती विसरू नका. आमच्या सासूबाईंचा सीटी कॉन्ट्रास्ट देऊन केला, पण एकाच फेजचा. त्यावरून काहीच ठरेना, सगळं पुन्हा करावं लागलं. चिठ्ठीवर 'ट्रायफेजिक' किंवा 'मल्टिफेज' (म्हणजे वेगवेगळ्या वेळी अनेक फेजची चित्रं) लिहिलंय का ते बघा आणि स्कॅनच्या आधी तिथेही विचारा. जुन्या सोनोग्राफी-सीटीच्या सीडीही न्या. गाठ नवी आहे की वाढलेली, हे त्यावरूनच कळतं.

पाऊलवाट :
एमआरआय झाला. आर्टेरियल फेजमध्ये गाठ उजळ आहे, कॅप्सूल (गाठीभोवतीची कडा) दिसते, वॉशआउट नाही. एलआर-४. आता बायोप्सी म्हणतायत. सुईने कॅन्सर पसरतो असं सगळे सांगतात.

सूक्ष्मदर्शी :
पॅथॉलॉजीत आहे. एलआर-४ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता बरीच, पण खात्री नाही. अशा वेळी बायोप्सी सुचवणं रास्तच आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका खरा आहे, पण एकत्रित अभ्यासांत तो शंभरात तीनपेक्षा कमी आढळला. गाठीपर्यंत जाताना मध्ये थोडं निरोगी लिव्हर ठेवतात आणि बाहेरच्या नळीतून सुई घालतात, त्यानेही हा धोका कमी होतो. तुमच्या बाबांच्या बाबतीत मी रक्तस्रावाकडे जास्त लक्ष देईन. सिरोसिसमध्ये प्लेटलेट अनेकदा कमी असतात, त्यामुळे प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) आधी बघतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

बायोप्सीत कॅन्सर दिसला नाही, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. इतक्या लहान गाठीत सुई बाजूला लागू शकते. शिवाय सुरुवातीचा कॅन्सर आणि डिस्प्लास्टिक नोड्यूल (कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेतली गाठ) मायक्रोस्कोपखाली सारखेच भासतात. तेव्हा ग्लिपिकॅन-३, एचएसपी७० आणि ग्लुटामिन सिंथेटेज हे तीन स्टेन (तुकड्यावर लावून ठरावीक प्रथिनं दाखवणारे रंग) लावतात. त्यांतले दोन पॉझिटिव्ह आले तर बाजू कॅन्सरकडे झुकते. हे स्टेन लावणार का, ते आधीच विचारून घ्या.

क्षकिरण :
सहमत. बायोप्सीच्या आधी ही केस लिव्हरच्या टीमपुढे ठेवा : हिपॅटोलॉजिस्ट (लिव्हरचे तज्ज्ञ), सर्जन, रेडिओलॉजिस्ट सगळे एकत्र. एकच गाठ, तीही २ सेंमीच्या आत, ही सगळ्यात सुरुवातीची स्टेज. अशा वेळी सुईने गाठ जाळणं, ऑपरेशन किंवा काही जणांत ट्रान्सप्लान्ट, हे पूर्ण बरं करण्याच्या हेतूने केले जाणारे उपचार खुले असतात. म्हणून टीमला एवढंच विचारा : बायोप्सीचा रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तोच राहणार आहे का? तोच राहणार असेल तर सुईची गरज आहे का, हे त्यांनाच सांगू द्या. बदलणार असेल तर करून घ्या, उशीर नको.

पाऊलवाट :
टीमची वेळ मिळालीय. जुन्या सीडी काढून ठेवल्यात. ताईलाही हा धागा वाचायला दिला, तीही बरोबर येतेय. मनापासून आभार.