‘सावधान’ की ‘सावकाश’? माइंडफुलनेसला मराठीत काय लिहावं?

शहापूर: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, कामाच्या ताणावर पत्रक करतोय, मराठी आणि कन्नड. पाळी सुरू होण्याआधी दोन मिनिटं श्वासाकडं लक्ष द्यायचं, वगैरे, म्हणजे माइंडफुलनेस. त्यासाठी मी ‘सावधानता’ लिहिलं. कन्नड बघणारे म्हणाले, आमच्यात ‘सावधान’ म्हणजे हळू, शांतपणे. आपल्याकडं त्याच शब्दानं माणूस ताठ होतो. शनिवारी छपाई आहे. काय लिहू?

निपाणी: सजगता. रुळलेला शब्द आहे.

खानापूर: पुरवण्यांत रुळलाय. कामगार तो वाचून सुरक्षेची नोटीस समजणार. आमचे बाबा ओतकामात होते. साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस सोडताना धार तुटू द्यायची नाही. तुटली की आधीचा थर थिजतो आणि कास्टिंगमध्ये सांधा राहतो. तेवढा वेळ ते कुणाला ‘ओ’ द्यायचे नाहीत. घरात आम्ही म्हणायचो, ‘ध्यान देऊन करतात’.

निपाणी: ध्यान म्हटलं की डोळे मिटणं आलं. भट्टीसमोर?

चिकोडी: इंग्रजी शब्दच मुळात भाषांतर आहे. पाली भाषेतल्या ‘सति’साठी पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी तो १८८१ मध्ये वापरला. कबाट-झिन यांनी अमेरिकेत ताणासाठी माइंडफुलनेसचा वर्ग काढला तो १९७९ मध्ये. सति म्हणजे स्मृती. हातातलं काम न विसरणं. म्हणून ‘भान’ लिहा.

कॅम्प: ‘भान ठेव’ ही तंबी झाली. ‘अवधान’ घ्या. ‘तरी अवधान एकलें दीजे’, ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय इथूनच सुरू होतो. स-अवधान तेच सावधान, म्हणजे शहापूरकरांचा शब्द बरोबरच होता.

खानापूर: आधी ‘ताण’ बदला. कारखान्यात ताण लोखंडाला येतो. माणसाला टेन्शन येतं, नाहीतर डोक्याला ताप होतो.

निपाणी: मराठी पाटीसाठी एवढी वर्षं झगडायचं आणि पत्रकात टेन्शन छापायचं? मला नाही पटत.

खानापूर: मराठी इथं टिकली ती बोलणाऱ्यांमुळं. अण्णा, अक्का, अडकित्ता कन्नडमधलेच की. त्यांना कुणी बाहेर काढलं?

चिकोडी: अडकित्त्यात अडके म्हणजे सुपारी आणि ओत्तु म्हणजे दाबणं. कन्नडमध्ये ताणाला ‘ओत्तड’ म्हणतात, तोही त्याच ओत्तुमधून.

निपाणी: मग तो दाब झाला. ताणात ओढलं जातं, दाबात चेपलं जातं. दोन्ही एक कसे?

शहापूर: कन्नड बाजूला ‘ओत्तड’च छापतोय. मराठीचं अजून सांगा की कुणीतरी.

कॅम्प: अडकित्ता कन्नडमधूनच आला हे नक्की का? आमच्याकडं ‘अडकवणं’वरून सांगायचे.