जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाचा घोळ : चूक आमची की जहाजाची?

डोंबिवलीची_मोठी_जाऊ

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा घरगुती आहे, पण घरात निकाल लागेना म्हणून इथे आणलाय.

गेल्या महिन्यात आम्ही सात जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. पेनांग, फुकेत आणि परत. आम्ही दोघं, नणंद आणि तिचे यजमान, शिवाय धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. जहाज कुठलं ते सांगत नाही, कारण भांडण त्यांच्याशी आहे की आमच्यातच आहे हेच अजून ठरत नाहीये.

प्रत्येकाच्या कार्डावर जेवणाच्या हॉलचं नाव, टेबल नंबर आणि वेळ छापलेली. सगळ्यांचं टेबल ३२४. जाऊबाई म्हणाल्या, "बघा, एकाच टेबलावर आहोत." आम्ही खूश. वेळ कोणीच वाचली नाही.

पहिल्या दिवशी ते सुरक्षेचं ड्रिल, मग बॅगा खोलीत येईपर्यंत थांबा, मग आंघोळी. आठ वाजता सातही जण नटूनथटून ३२४ वर जाऊन बसलो. ब्रेड आला, मेन्यू आला, आणि पाठोपाठ पाच माणसं येऊन आमच्या खुर्च्यांच्या मागे उभी राहिली. लग्नात पहिली पंगत उठायच्या आत लोक मागे येऊन पाठ धरतात ना, अगदी तशी! त्यांच्याही कार्डावर ३२४. माझ्या नणंदेने त्यांना मराठीतून सांगितलं की हे आमचं टेबल आहे. त्यांनी बहुधा चिनीतून तेच सांगितलं.

हेड वेटर आला आणि त्याने कार्डं मशीनला लावली. तेव्हा कळलं, की जहाजावर एकाच टेबलावर दोन पंगती असतात. आमच्या चौघांची पावणेसहाची आणि दिरांच्या तिघांची सव्वाआठची. दोन वेगळी बुकिंगं, कारण जाऊबाईंनी एजंटला परस्पर फोन करून सांगितलं होतं, "पावणेसहाला आम्ही चहा पितो, जेवण उशिराचं द्या." हे आम्हाला समुद्रात कळलं.

दुसऱ्या दिवशी ठरलं, सगळ्यांनी पावणेसहाला जायचं. गेलो. आता पहिल्या पंगतीला आमच्या चौघांखेरीज पर्थचं एक वयस्क जोडपं आणि चेन्नईच्या मायलेकी. आठाचं टेबल, माणसं अकरा. आदल्या रात्री ते चौघं अर्ध्या रिकाम्या टेबलावर जेवून गेलेले, आणि आज ही गर्दी. जाऊबाई रागारागाने वर बुफेला निघून गेल्या, मागोमाग दीर आणि पुतण्या.

तिसऱ्या दिवशी फुकेत. जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं, आणि पातोंगच्या किनाऱ्यावर छोट्या बोटीने ने-आण. परत येताना फोनवर साडेचार वाजले होते. आमचे हे म्हणाले, "साडेपाच झालेत, कपडे बदला आणि चला." कोणी ऐकलं नाही. त्यांचं घड्याळ म्हणजे किल्लीचं एचएमटी, तेही अख्ख्या सहलीत भारताच्या वेळेवर! विचारलं की तोंडी अडीच तास मिळवून सांगायचे. ३४ वर्षं मध्य रेल्वेत मोटरमन होते, वेळेच्या बाबतीत जरा हेकटच. नणंद म्हणाली, "दादा, चारचौघांच्या फोनपेक्षा तुझी किल्ली खरी का?"

किल्लीच खरी निघाली. फोनांनी किनाऱ्यावरचं थाई नेटवर्क पकडून काटे एक तास मागे नेले होते. जहाज सिंगापूरच्याच वेळेवर होतं. आम्ही फोनच्या पावणेसहाला खाली उतरलो तेव्हा जहाजाचे पावणेसात झाले होते. टेबलावर पर्थच्या बाईंपुढे आइस्क्रीम आलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त वेटर म्हणाला, की तुमच्यासाठी वीस मिनिटं थांबून मग त्यांनी ऑर्डर दिली. त्या वीस मिनिटांची मला अजून लाज वाटते.

आता माझे प्रश्न. एक, जाऊबाई म्हणतात एकाच आडनावाच्या सात माणसांना दोन वेळा देणं ही जहाजाची चूक. (नणंदेचं आडनाव वेगळं आहे, पण ते असो.) हे म्हणतात चूक शंभर टक्के आपली. तुमचं मत? दोन, पुढच्या जूनमध्ये मुलाकडे सिएटलला जाणार आहोत, तिथून अलास्काची क्रूझ ठरतेय. तिथे ठरलेल्या वेळेची पंगत घ्यावी, की जमेल तेव्हा जेवा असं जे असतं ते?

---

चहाबाज_ठाणे

काकू, चार दिवस सुट्टीवर जायचं आणि तिथेही ५:२७ ची डोंबिवली फास्ट पकडायची? सरळ वरचा बुफे. हवं तेव्हा जा, खिडकीत बसा, पर्थवाले नाहीत आणि कार्ड नाही. आम्ही दोन क्रूझ केल्या, खालच्या हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही.

---

तारवटी_पेडणे

काकू, मी गोव्याचा. आमच्याकडे जहाजावर नोकरीला जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. अकरा वर्षं जहाजाच्या डायनिंग हॉलमध्ये काढली, आधी असिस्टंट वेटर, मग वेटर. तुमची हकीकत वाचून हसलो, कारण त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मीच उभा असायचो.

एक वेटर आणि एक असिस्टंट, दोघांकडे मिळून तीन-चार टेबलं. म्हणजे एका पंगतीला वीस-बावीस माणसं, आणि तीच टेबलं दुसऱ्या पंगतीला दुसऱ्या वीस-बावीस माणसांची. मधे आम्हाला मिळतो जेमतेम अर्धा तास. त्यात टेबलक्लॉथ बदलायचा, काटे-सुऱ्या मांडायच्या, ग्लास पुसायचे, आणि जमलं तर खाली मेसमध्ये जाऊन उभ्याउभ्या भात खायचा. पहिली पंगत पंधरा मिनिटं लांबली की तो भात जातो.

दुसरं म्हणजे, एका टेबलाचं जेवण एकत्र निघतं. सूप सगळ्यांचं एकदम, मुख्य पदार्थ सगळ्यांचा एकदम. हॉटेलसारखं एकेकाचं वेगळं नसतं, कारण किचन लांब आणि आत रांग. मोठ्या ट्रेवर झाकणांच्या ताटल्या एकावर एक रचून, खांद्यावर घेऊन यायचं, तेही जहाज हलत असताना. चार माणसं उशिरा आली तर माझ्यापुढे दोनच वाटा. आलेल्यांना ताटकळत ठेवायचं, नाहीतर एका टेबलासाठी दोन फेऱ्या मारायच्या. दोन फेऱ्या मारल्या की बाजूच्या टेबलाचं सूप थंड. म्हणून पर्थच्या बाई वीस मिनिटं थांबल्या त्या तुमच्यावर उपकार करायला नाही, बहुतेक त्या वेटरवर दया म्हणून. जुने क्रूझवाले असेच असतात.

आता चूक कोणाची? वेळ न वाचण्याची तुमची, मान्य. पण पहिल्या रात्री कार्डं मशीनला लागली तेव्हा हेड वेटरला दोन बुकिंगं स्क्रीनवर दिसली असणार. तिथेच त्याने बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, सातही जण एकत्र बसणार का, कुठल्या वेळेला? टेबलं बदलण्याचं काम पहिल्या दिवशी दुपारपासूनच चालू असतं, हॉलच्या दाराशी मेत्र-डी, म्हणजे सगळ्या हॉलचा मुख्य, यादी घेऊन बसलेला असतो. आमच्या वेळी पहिल्या रात्री अशा पंचवीस-तीस भानगडी निघायच्या आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मिटायच्या. तुमची मिटली नाही, कारण तुम्ही गेला नाहीत आणि त्याने बोलावलं नाही. जाऊबाईंना सांगा, निम्मी चूक जहाजाची. निम्मीच.

आणि त्या मोटरमन काकांना माझा नमस्कार. जहाजावर आम्ही नवीन पोराला पहिली गोष्ट हीच शिकवायचो : फोन बघू नको, भिंतीवरचं घड्याळ बघ.

---

सांगलीकर_चारपाटील

थोडं अवांतर, पण पावणेसहाच्या पंगतीची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. आम्ही सांगलीचे जैन. घरात आईचं सूर्यास्तानंतर पाणीही नाही. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो. त्यामुळे पहिली पंगत म्हणजे आमच्यासाठी वरदान, सव्वासहाला आईचं जेवण आटोपलेलं असायचं. कांदा-लसूण-बटाट्याचं आधीच लिहून कळवलं होतं, तरी रोज रात्री हेड वेटर दुसऱ्या दिवशीचा मेन्यू घेऊन यायचा आणि आई त्यातलं निवडायची. हे फक्त ठरलेल्या टेबलावर जमतं. रोज वेगळा वेटर असेल तर रोज बटाट्यापासून सुरुवात.

जाऊबाईंच्या चहाबद्दल आदर आहे. पण वेळ बदलून मागताना एक फोन मोठ्या जावेलाही करायचा ना!

---

रेनियर_च्या_पायथ्याशी

काकू, मी सिएटलजवळ राहते, अलास्का दोनदा झालंय. थेट मुद्द्यावर येते.

तिथे घड्याळाचा घोळ उलट्या बाजूने होतो. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे. बहुतेक जहाजं जाताना रात्री काटे मागे घेतात आणि परत येताना पुढे. खोलीत चिठ्ठी येते, ती वाचा. तुम्ही वाचाल असं आता गृहीत धरते. जुनो, स्कॅग्वे, केचिकान या अलास्कातल्या बंदरांत फोन टॉवर पकडतो, मधल्या समुद्रात काहीच नाही, आणि कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पुन्हा सिएटलचीच वेळ दाखवतो. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून हाताने जहाजाची वेळ लावायची. किंवा काकांना विचारायचं, पण अडीचऐवजी किती मिळवायचे ते आधी त्यांच्याशी ठरवून घ्या. जूनमध्ये अलास्का भारताच्या साडेतेरा तास मागे असतं, त्या एचएमटीवर तोंडी हिशोब म्हणजे परीक्षाच.

सिएटलहून निघणारी जहाजं परतताना शेवटच्या संध्याकाळी बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. हौस म्हणून नाही. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन परत तिथेच सोडायचे तर वाटेत परदेशी बंदर लागायला हवं. हे सांगतेय कारण त्या संध्याकाळी जहाज जेवणाच्याच सुमाराला बंदरात लागतं आणि पंगतींच्या वेळा पुढे-मागे होऊ शकतात. आमच्या पहिल्या खेपेला पावणेसहाची पंगत पाचला आणली होती, आणि आम्ही पावणेसहाला जाऊन तुमच्यासारखेच आइस्क्रीम बघत उभे!

ठरलेली की मोकळी वेळ? दोघंच असाल तर मोकळी घ्या. सहा-सात जण असाल तर ठरलेलीच बरी, कारण मोकळ्या वेळेत मोठं टेबल रिकामं व्हायला कधी पाऊण तास लागतो. आणि सगळ्यांची बुकिंगं एकमेकांना जोडून घ्या, एजंटला दोन्ही बुकिंग नंबर लेखी द्या. आडनावावरून जहाजाला काही कळत नाही.

सांगलीकर, जूनमध्ये जुनोला सूर्य दहाच्या पुढे मावळतो. तुमच्या आईला दुसरी पंगतही चालेल, हवं तर मधे भूकही लागेल.

---

डोंबिवलीची_मोठी_जाऊ

सगळ्यांचे आभार. तारवटीदादा, तुमचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. "निम्मी चूक जहाजाची" एवढंच जाऊबाईंनी ऐकलं आणि ह्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाचं. तुमच्या उभ्याउभ्या भाताचं ऐकून मात्र दोघंही गप्प बसले.

एक सांगायचं राहिलं होतं. चौथ्या दिवशी, जहाज दिवसभर समुद्रात होतं तेव्हा, आम्ही चौघं साडेपाचलाच हॉलच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. दार उघडलं नव्हतं. पर्थचे आजी-आजोबा आले आणि आम्हाला बघून आजोबा हसले. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी मागितली. आजींनी ह्यांचा हात धरून ते एचएमटी पाहिलं, पण ते तर सव्वातीन दाखवत होतं! मग ह्यांनी त्यांना अडीच तासांचा हिशोब समजावला. तो ऐन दार उघडेपर्यंत चालला, आणि आम्ही सगळ्यात शेवटी आत गेलो.

चहाबाज, बुफेचं म्हणाल तर दीर-जाऊबाईंनी दुसरी आणि तिसरी रात्र तिथेच काढली. तिथे सातला डाळ-भात मिळतो आणि कोणी वेळ विचारत नाही, हे खरं. पण शेवटच्या रात्री जाऊबाई सव्वाआठला ३२४ वर गेल्या, आणि त्या चिनी मंडळींनी त्यांना जागा धरून ठेवली होती.

अलास्काला पावणेसहाची पंगत मागितलीय, सगळ्यांची बुकिंगं जोडून. जाऊबाईंनी एजंटचा नंबर माझ्यापुढे ब्लॉक केला. ह्यांना साडेतेरा तासांचं अजून सांगितलेलं नाही.