मदत हवी आहे: अमिगा १२०० वर चाइल्ड प्रोसेस चालू असताना प्रोग्राम बंद केला की मशीन कोसळतं

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच जागी अडकलोय. मशीन अमिगा १२०० (कमोडोरचा घरगुती कॉम्प्युटर), त्याच्या रॉममधली सिस्टिम किकस्टार्ट ३.०, सी भाषेचा कंपायलर एसएएस सी. मॅन्डेलब्रॉटची चित्रं (गणितातून निघणारी, जितकी मोठी करू तितकी नवी नक्षी दाखवणारी) काढणारा प्रोग्राम लिहितोय. १४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर खोल झूमचं चित्र फार वेळ घेतं. तेवढा वेळ विंडो सरकवता येते, कारण ते काम इन्ट्यूशन (सिस्टिमचा विंडो सांभाळणारा भाग) परस्पर करतं. पण मेनू निवडा नाहीतर बंदचं बटण दाबा, माझा प्रोग्राम ओ देत नाही.

म्हणून गणित वेगळं काढलं आणि क्रिएटन्यूप्रॉक या फंक्शनने चाइल्ड प्रोसेस केली, म्हणजे मुख्य प्रोग्रामसोबत स्वतंत्रपणे चालणारी दुसरी प्रोसेस. नुसत्या टास्कने (प्रोसेसचं साधं रूप) भागलं नसतं. ओळी फाइलमध्ये लिहायच्या आहेत, आणि डॉसची (सिस्टिमचा फाइली हाताळणारा भाग) फंक्शनं प्रोसेसलाच वापरता येतात. सुरुवातीला चाइल्डला ग्लोबल व्हेरिएबलमध्ये भलतेच आकडे दिसत होते. ग्लोबल व्हेरिएबलची जागा ज्यातून कळते ते प्रोसेसरचं ए४ रजिस्टर भरलेलं नव्हतं. फंक्शनला सेव्हडीएस (ते रजिस्टर भरून घ्यायला कंपायलरला सांगणारा शब्द) लावल्यावर ते सुटलं.

आता खरी अडचण. बंद करताना मी 'थांब' हे व्हेरिएबल १ करतो, ५० टिक म्हणजे एक सेकंद डिले देतो आणि बाहेर पडतो. चाइल्ड प्रत्येक ओळीनंतर ते व्हेरिएबल बघते. साध्या चित्राला सगळं सुरळीत. खोल झूममध्ये मात्र विंडो मिटते, शेलचा प्रॉम्प्ट येतो, आणि मी दुसरा प्रोग्राम सुरू केला की ८००००००४ (प्रोसेसरला चुकीची सूचना मिळाल्याचा एरर नंबर) दाखवून मशीन आडवं होतं. काहीच सुरू केलं नाही तर कधीकधी काहीच होत नाही! डिले २५० टिक केला, तरी एखाद्या चित्राला तेच. रेमटास्कने (टास्क काढून टाकणारं फंक्शन) चाइल्ड बाहेरून काढून पाहिली, तर तिने घेतलेली मेमरी परत मिळत नाही.

चाइल्ड खरोखर संपली हे मुख्य प्रोसेसला खात्रीने कसं कळवायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

डिले काढूनच टाका. तुमची एक ओळ किती वेळ घेईल हे आधी कळणार नाही. तुम्ही बाहेर पडलात की डॉस प्रोग्रामचा कोड मेमरीतून सोडून देतं, आणि चाइल्ड त्याच कोडवर चालत राहते. त्या जागेवर दुसरं कुणी लिहीपर्यंत निभावतं, म्हणून तुम्हाला कधी क्रॅश दिसतो, कधी नाही. या मशीनमध्ये मेमरीचं संरक्षण नाही, अडवणार कोण?

मुख्य प्रोसेसमध्ये एक मेसेज पोर्ट (मेसेज येऊन पडायची पेटी) करा. चाइल्ड तयार झाली की तिच्या पोर्टवर मेसेज पाठवा, उत्तराचा पोर्ट तुमचा. चाइल्डने डॉसला हात लावण्याआधी तो मेसेज उचलायलाच हवा, कारण डॉस स्वतःची उत्तरं त्याच पोर्टवर मागवतं. थांबवायला कंट्रोल-सीचा सिग्नल द्या आणि पोर्टवर वाट बघा. काम संपलं की चाइल्डने फॉर्बिड (दुसऱ्या टास्कना पाळी मिळणं थांबवणारं), मग रिप्लायमेसेज (मेसेज उत्तर म्हणून परत पाठवणारं), मग रिटर्न. फॉर्बिड उठवणारं परमिट नको. फॉर्बिड नसेल तर उत्तर मिळताच मुख्य प्रोसेस जागी होऊन निघून जाऊ शकते, आणि चाइल्डच्या शेवटच्या दोन-चार सूचना अजून बाकी असतात.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

दादा, मनापासून आभार. पहिल्या प्रयत्नाला तरी कोसळलं, कारण फाइल मी फॉर्बिडनंतर बंद करत होतो. बंद करताना डॉसची वाट बघावी लागते, आणि वाट बघितली की फॉर्बिड सुटतो. ती ओळ वर नेली. काल रात्री सगळ्यात खोल झूमवर चाळीस वेळा मध्येच बंद केलं, लगेच दुसरे प्रोग्राम उघडले, एकदाही कोसळलं नाही. १९८५ साली २५६ केबीच्या मशीनसाठी कार्ल सॅसनरॅथ यांनी लिहिलेली ही एक्झेक (टास्क आणि मेसेज सांभाळणारा सिस्टिमचा गाभा), तिचा नियम समजल्यावर किती सरळ वागते!

आता फाइल लिहायला आणखी एक चाइल्ड काढायचा विचार आहे. दोघींची उत्तरं एकाच पोर्टवर घेतली आणि दोन मेसेज मोजून मगच बाहेर पडलो, तर चालेल ना?